सरपंचाने स्वतःची बाग सोडून गावाला पाणी द्यावे का?

प्रश्न (एक सरपंच, अंबड तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक विहिरीने मार्चमध्येच तळ गाठला असून टँकरच्या खेपा कधीच वेळेवर येत नाहीत. गावालगतच्या आमच्या बोअरला मात्र अजून पाणी आहे आणि त्यावर दोन एकर मोसंबी उभी आहे. आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची, फळे आता लिंबाएवढी झाली आहेत. पाणी गावाला दिले तर बहार जातो, कदाचित झाडेही जातील. न दिले तर ज्यांनी मला निवडून दिले त्यांच्या घागरी रिकाम्या आणि माझे ठिबक चालू, असे चित्र होईल. शेत सामायिक आहे, कसतो धाकटा भाऊ, आणि त्याच्या मुलीचे लग्न याच बहाराच्या भरवशावर ठरले आहे. पदावरच्या माणसाने आधी काय पाहावे, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर (निवृत्त शिक्षक, बीड)

सरपंचसाहेब, पाणी द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जलधोरणातही पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे. शिवाय उद्या ओढ्याकाठच्या ऊसवाल्यांना मोटारी बंद ठेवायला सांगण्याची वेळ आपल्यावरच येणार आहे, आणि तेव्हा आपली मोटार चालू असेल तर ते आपला एक शब्द ऐकून घेणार नाहीत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला, पुढे निजामाच्या राजवटीत वारंवार तुरुंगवास भोगला. त्यांनी स्वतःसाठी काही राखले नव्हते, म्हणूनच त्यांच्या शब्दावर मराठवाड्यातले तरुण घरदार सोडून चळवळीत उतरले.

उत्तर (माजी सरपंच, औसा तालुका)

गुरुजींचा मान राखून सांगते, की स्वामीजी संन्यासी होते आणि त्यांच्या त्यागाचा भार दुसऱ्या कोणाच्या चुलीवर पडत नव्हता. दादा, आपण प्रपंचातले आहात, आणि प्रश्नातली कळीची गोष्ट आपण शेवटी जाता जाता लिहिली आहे. आपल्या वाट्याचे पाणी आपण खुशाल द्यावे, परंतु भावाला न विचारता त्याचेही दिले, तर ते हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे होईल. आधी भाऊ आणि वहिनी यांच्याशी बोला, मग गावाशी.

दुसरे असे, की तोंडी दिलेल्या पाण्याचे उपकार होतात आणि ते निवडणुकीत बोलून दाखवले जातात. त्यापेक्षा ग्रामसभेत ठराव घेऊन, पाहणी करवून, तहसील कार्यालयातून बोअरच्या अधिग्रहणाचा, म्हणजे टंचाईपुरता तो सरकारने ताब्यात घेण्याचा, रीतसर आदेश काढावा. अधिग्रहणाचा मोबदला मिळतो. तो भावाकडे जावा, हे घरात आधीच ठरवून ठेवा. विषय आपल्याच बोअरचा असल्याने तेवढ्यापुरते अध्यक्षस्थान उपसरपंचांना द्यावे.

खरी कसोटी मात्र वाटपात लागते. टँकर विहिरीत रिकामा होतो तेव्हा दांडगी पोरे पोहरे टाकून काठ अडवून धरतात आणि म्हाताऱ्या बायांच्या वाट्याला तळाचे गढूळ पाणी येते. म्हणून शेवटच्या टोकाच्या वस्तीचा नंबर पहिला लावा आणि आपल्या गल्लीचा शेवटी. बाग देण्यापेक्षा हे अवघड जाते, कारण इथे तक्रार घरातून आणि भावकीतून येते.

उत्तर (मोसंबी उत्पादक, बदनापूर)

बहार आणि झाड यांचा विचार वेगवेगळा करावा. फळे आताच काढून टाकली, हलकी छाटणी केली आणि आळ्यात पाचट किंवा सोयाबीनचे काड जाड अंथरले, तर झाड थोड्या पाण्यावरही तग धरू शकते. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यात मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या आणि सरपणाला गेल्या. नवी बाग फळावर यायला पाच-सहा वर्षे जातात, त्यामुळे या वर्षीचे उत्पन्न सोडून झाडे राखावीत.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. भावाशी बोलणे झाले. लग्न पुढे ढकलण्यास तो तयार नाही, आणि त्याचे म्हणणे मला रास्त वाटते. माझ्या वाट्याच्या एकरावरची फळे उतरवायची, त्याच्या एकराला रात्री दोन तास पाणी ठेवायचे आणि उरलेले सगळे गावाला द्यायचे, असे आमचे ठरले आहे. ते दोन तास लोकांना खटकतील, अशी भीती वाटते. ते ठरावात लिहावेत का?

उत्तर (माजी सरपंच, औसा तालुका)

अवश्य लिहावेत, वेळेसह. आणि ठरावाची एक प्रत मोटारीच्या स्टार्टरपेटीवर चिकटवावी. ग्रामसभेने दोन तास नाकारले, तर भावाच्या नुकसानीची भरपाई आपण कशी करणार, हेही सभेला जाण्यापूर्वी त्याच्याशी ठरवून घ्या.