तांजिरोचा हाओरी दारव्ह्याकडं शिवून भेटन का? (अन् मैत्रिणीच्या लोलिता फ्रॉकचं काय करू)

कापसातली_चिमणी:
नमस्कार मंडळी, मी दारव्ह्याजवळच्या खेड्यातली, बीएस्सी सेकंड इयर. पुढच्या महिन्यात नागपूरले एका कॉलेजात अ‍ॅनिमेवाल्यांचा (म्हंजे जपानी कार्टूनवाल्यांचा) मेळावा हाये, कॉस्प्ले (कॅरेक्टरसारखं नटायची) स्पर्धा बी हाये. मले डीमन स्लेयर या कार्टूनमधल्या तांजिरोचा हिरवा-काळा चौकोनी हाओरी, म्हंजे वरून घालायचा सैल जपानी कोट, पायजे. ऑनलाइनचा लय झिरझिरीत येते म्हणून आमच्या टेलरकाकांले फोटो दाखवला, तर त्यायनं शोल्डर मापलं, मुंढा मापला अन् म्हणते, टक्स टाकून मस्त फिटिंग देतो पोरी. आता त्यायले कसं समजावू? कापड चेक्सचं घेऊ का? मैत्रीण म्हणते मी लोलिता करीन, पण कोणतं कॅरेक्टर विचारलं तर तिलेच माहीत नाई. बजेट दोघींचं मिळून २००० रुपये. आई आतापासूनच म्हणून रायली, बहुरूप्याचं सोंग घेऊन एसटीत बसशीन का.

वरूडचा_संत्रा:
काहून नाई बसायचं बे, तान्ह्या पोळ्याले आमच्या पोट्ट्याले शिवाजी महाराज करून मी एसटीतच नेलं होतं, कंडक्टरनं मुजरा केला.

कात्री_टेप_अमरावती:
टक्स बिलकुल नको. किमोनो-हाओरीचं कापड मुळातच अरुंद विणत, पन्हा ३६ ते ३८ सेंटिमीटर, म्हणून सगळे सरळ पट्टे जोडायचे, मुंढ्याले गोलाई नाई अन् बाही म्हंजे सरळ आयत. काकांले फोटो दाखवूच नको, कागदावर पट्टे काढून दे, फोटो पाह्यला का त्यायचा हात आपोआप ब्लाऊजकडं जाते.
चेक्सचं कापड घेऊ नको. विणलेल्या चेक्समधी उभा हिरवा अन् आडवा काळा धागा एकमेकात येते, मंग तिसराच मळकट चौकोन दिसते. तांजिरोचं डिझाइन इचिमात्सु, त्यात दोनच रंग, बुद्धिबळाच्या पटासारखे. अठराव्या शतकातल्या काबुकी म्हंजे जपानी नाटकातल्या एका नटाच्या नावावरून ते नाव पडलं, टोकियो २०२० ऑलिम्पिकचा लोगो आठव, तेच. हिरवं पॉपलीन घे, मास्किंग टेप लाव, काळा फॅब्रिक पेंट मार, पूर्ण वाळला का उलट्या बाजूनं इस्त्री. आत किमोनोसारखं काही घातलं तर डावी बाजू वर घेजो, उजवी वर फक्त मयताले घालतात. तलवार लोखंडाची नेऊ नको, गेटवरच काढून घेतील, फोमची कर. थर्माकोलची करशीन तर चपलाचं सोल्युशन लावू नको, थर्माकोल विरघळते. माझी अख्खी ढाल अशी गेली, स्पर्धेच्या आदल्या रात्री अकरा वाजता, अन् मी येडा तिच्याकडं पाहातच बसलो.

इतवारीची_रिबीन:
मैत्रिणीला सांग, लोलिता हे कॅरेक्टर नाहीच. तो जपानी स्ट्रीट फॅशनचा प्रकार आहे, लोक आपले कपडे म्हणून घालतात. टोकियोतल्या हाराजुकूला रविवारी रस्ता गाड्यांना बंद असायचा, तिथे पोरंपोरी नटून उभी राहायची, ते १९९८ मध्ये बंद झालं. फ्रूट्स नावाचं मासिक १९९७ पासून रस्त्यावरच्या ह्याच पोरांचे फोटो छापायचं, छापील अंक २०१७ मध्ये थांबला. त्यामुळे स्पर्धेत नाव द्यायच्या आधी आयोजकांना विचार, बहुतेक ठिकाणी कॅरेक्टरचा फोटो मागतात. नुसतं फिरायला मात्र बिनधास्त ये. मला दर वेळी कोणीतरी विचारतंच, ताई तुम्ही कोण झाल्या, मी म्हणते मी मीच आहे बाप्पा.
फ्रॉकचा सगळा जीव खालच्या पेटीकोटात असतो. गुडघ्यापर्यंत घंटेसारखा फुगायला पाहिजे. लेहेंग्याला लावतात ते कॅनकॅन घ्या, कंबरेला कमी आणि खालच्या दोन थरांना जास्त चुण्या, नाहीतर पोरगी लग्नातली करवली दिसते. आणि बजेट संपलंच तर डेकोरा करा, जत्रेतल्या रंगीत क्लिपा डोकं भरून लावायच्या, जितक्या जास्त तितकं बरं.

कापसातली_चिमणी:
अपडेट देते. पेंटचं आजीले सांगितलं तर म्हणे रंग कायले फासतं, मी वाकया (गोधड्या) शिवल्या जन्मभर, तुकडे जोडून देतो. पाच इंची चौकोन कापले, शिलाईत जाऊन साडेचार उरते, नुसत्या पाठीलेच ६ आडवे अन् ९ उभे म्हंजे ५४ तुकडे. काका कागद पाहून म्हणे हे तर झबलं हाये, पण टक्स सोडले. मैत्रीण डेकोरावर आली, ४ डझन क्लिपा झाल्या, आता केसच कमी पडून रायले.
एक अडचण हाये. काल रात्री लाइट गेली तरी आजी थांबली नाई, तर सातव्या ओळीत दोन काळे शेजारी-शेजारी लागले. तिले अजून दिसलं नाई. उसवू का राहू देऊ?

कात्री_टेप_अमरावती:
पाठीवरच हाये ना? राहू दे.

इतवारीची_रिबीन:
अगं उसव, परीक्षक पाठच आधी बघतात. आजी झोपली की उसव.