पायथॉनच्या डिक्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये सदाशिव पेठ गायब का होते?

कोथरूडकर:
पुण्यातल्या पिनकोड-परिसर जोड्यांच्या लिस्टवरून एका ओळीत (म्हणजे कॉम्प्रिहेन्शनने) डिक्ट, म्हणजे की-व्हॅल्यू जोड्यांचा संग्रह, बनवतोय. की पिनकोड, व्हॅल्यू परिसर. ४११०३० ला फक्त नारायण पेठ उरते, सदाशिव पेठ दिसतच नाही. एररही नाही. शिवाय रिकाम्या नावाच्या जागी 'नोंद नाही' भरायला शेवटी इफ-एल्स लावलं, तर सिंटॅक्स एरर!

पर्वती_पायथा:
दोन्ही पेठांचा पिनकोड एकच आहे. डिक्टमध्ये एका कीला एकच व्हॅल्यू, त्यामुळे तीच की पुन्हा आली की जुनी व्हॅल्यू मुकाट पुसली जाते. इथे एका ओळीचा हट्ट सोडा. कलेक्शन्स मोड्यूलमधला डिफॉल्टडिक्ट घ्या, त्याला लिस्ट द्या (म्हणजे नव्या कीला आपोआप रिकामी लिस्ट मिळते) आणि साध्या फॉर लूपमध्ये त्या लिस्टला परिसर अपेंड करा, म्हणजे शेवटी जोडा. कॉम्प्रिहेन्शनच्या आत अपेंड कराल तर व्हॅल्यूच्या जागी नुसतं 'नन' (None, म्हणजे काहीच नाही) येईल, कारण अपेंड काहीच परत देत नाही.

इफचं म्हणाल तर, नोंद गाळायची असेल तर एकटा इफ फॉरच्या मागे. व्हॅल्यू बदलायची असेल तर इफ-एल्स फॉरच्या आधी, कोलननंतर. आणि नावावर आधी स्ट्रिप चालवा, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पेस निघतील; नुसती स्पेस असलेली स्ट्रिंग पायथॉनला रिकामी वाटत नाही.

पेठेतला_कोडर:
स्ट्रिप पिनकोडलाही हवंच. सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) तो स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणून येतो; मागे एक स्पेस राहिली तरी की वेगळी होते. डिक्ट बनवण्याआधी सेट कॉम्प्रिहेन्शनने पिनकोडचा सेट काढा, म्हणजे प्रत्येक पिनकोड एकदाच राहील: महिरपी कंस, कोलन नाही. त्याची लेन (len, म्हणजे नोंदींची संख्या) मूळ लिस्टपेक्षा कमी आली, तर पिनकोड रिपीट होताहेत.