मदत हवी आहे: सॅक्सोफोन वाजवून खालचा ओठ आतून सोलतोय, तोंड चुकतंय का?

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत शिफ्ट असते. वय ४३. लहानपणी वरातीत नवरदेव सोडून क्लॅरोनेटवाल्याच्या मागे चालणारा मी, त्यामुळे चार महिन्यांपूर्वी सेकंडहँड आल्टो सॅक्स आणला तेव्हा घरी कुणाला नवल वाटलं नाही, फक्त बायको म्हणाली घरात वाजवायचा नाही. म्हणून सुट्टीला गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जातो, एरवी गच्ची.

तर प्रॉब्लेम असा की दहा मिनिटं झाली की खालच्या ओठात दात रुततात, परवा मिसळ खाताना डोळ्यांत पाणी आलं आणि ते तर्रीमुळे नव्हतं. कोपऱ्यांतून हवा फुसफुसते. जी, ए, बी हे सूर ठीक येतात पण खालच्या डी, सी वर गेलो की सूर टुणकन वरच्या सप्तकात. शिकवणारे काका पंचवटीतले, आयुष्यभर बँडमधे क्लॅरोनेट वाजवलेलं, ते म्हणतात हनुवटी ताण, ओठ घट्ट धर, रीड (फुंकल्यावर थरथरणारी वेताची पट्टी) तीन नंबरची, म्हणजे जरा कडक घे. युट्यूबवर एकजण म्हणतो हसल्यासारखं तोंड कर, दुसरा म्हणतो हसलास तर मेलास. माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या टोकावर, वरचे दात टेकवले की डोक्यात झिणझिणतं म्हणून मी वरचा ओठपण आत घेतो, चालतं का ते?

सातपूरकर: काका चुकीचं सांगत नाहीयेत, पण ते क्लॅरोनेटचं तोंड आहे, म्हणजे ओठ धरायची पद्धत. तिथे ओठ जास्त आवळावे लागतात, सॅक्सला पकड सैल लागते आणि माउथपीसही बराच आडवा येतो तोंडात. एक करा, नुसता माउथपीस काढून रीड लावून फुंका, मोबाईलवर ट्यूनर (कुठला सूर लागला ते दाखवणारं अ‍ॅप) चालू ठेवा. आल्टोला ए यायला हवा, आपल्या पेटीची पांढरी सहा, ८८० हर्ट्झच्या आसपास. जॅझवाले त्याहूनही खाली ठेवतात. तुमचा वर जात असेल तर तुम्ही चावताय, आणि चावलं की रीडला हलायला जागाच उरत नाही, मग खालचे सूर उडणारच.

हसू तर अजिबात नका. बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड कसं चहूबाजूंनी मिटतं तसं, कोपरे आत. खालचा ओठ दातांवर थोडासाच, लाल भाग बाहेर दिसला पाहिजे. वरचे दात टेकवाच, झिणझिण्यांसाठी चिकटवायचा रबरी पॅच मिळतो, स्वस्त असतो. आणि रीड-माउथपीसच्या फटीत कागद सरकवा, अडेल तिथे रीडवर पेन्सिलने रेघ मारा, खालचा ओठ साधारण तिथे. मान खाली घालू नका, गळ्यातला पट्टा वर घ्या.

गोदाकाठ: चार महिन्यांत तीन नंबर कशाला, इथे दोन नंबरचाच माल चांगला 😀 आणि सेकंडहँड आहे ना, मग कुणा जुन्या सॅक्सवाल्याकडून खालचा सी वाजवून घ्या, त्यालाही नाही आला तर पॅड (भोकं झाकणारी गादी) लीक असेल, उगाच ओठाला शिव्या देत बसाल.

धागाकर्ता: ट्यूनरवर सी आला हो! म्हणजे पांढरी एक, तीही पांढरी सहाच्या वरची. काकांना फोन केला तर हसायला लागले, म्हणे अरे क्लॅरोनेटचा नुसता माउथपीस तिथेच बोलतो, मी तुला तेच शिकवत बसलो. पट्टा चार बोटं वर घेतला. माझा ओठ रेघेच्या चांगला अर्धा सेंटीमीटर अलीकडे होता, तो रेघेवर आणला आणि खालचा डी पहिल्यांदा बोलला, पण इतका कर्कश की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं कुणाचा टेम्पो अडकलाय. रीड उद्या मेन रोडला बघतो. आता पांढरी सहा येते, पण तीन-चार सेकंदच, मग गाल फुगतात आणि सूर खाली घसरतो. गालांचं काय करू?