उघडा कोन फिल्टर आणि सोलापूरचं ऊन

गाडीची ताकद वाढवायची तर ‘कंपनीचं किट महाग, त्यापेक्षा बाहेरून कोन फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर) घेऊन लावा’ असा सल्ला दिला जातो; सोलापुरात तरी तो पटत नाही. टर्बो गाडीत बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) किती द्यायचा ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. नुसता फिल्टर बदलून आवाज वाढतो, ताकद फारशी नाही. किटमध्ये बहुतेक वेळा मॅपिंगही (ईसीयूच्या सेटिंगमधला बदल) येतं, खरे पैसे त्याचे.

उष्णतेचं मात्र कोणीच बोलत नाही. मित्राच्या पेट्रोल टर्बोला उघडा कोन आहे, म्हणजे डब्याशिवाय, बॉनेटखालची गरम हवा ओढणारा. मे महिन्यात विजापूर रोडच्या सिग्नलला बाहेर ४२ अंश होतं, तर स्कॅनरवर आत जाणारी हवा ६० च्या वर! हवा तापली की विरळ होते, नॉकिंग (इंजिनात इंधन अवेळी पेटून होणारी ठोकठोक) टाळायला ईसीयू स्पार्क उशिरा देतो आणि पिकअप जातो. लावायचाच तर ग्रिलमागची थंड हवा घेणारा, बंद डब्यातला लावा.