किलगोर शहर कोणी उभे केले: तेलविहिरी खणणाऱ्यांनी की उपशावर मर्यादा घालणाऱ्यांनी?

नदीकाठ (धागाकर्ता):
पूर्व टेक्सासमधील किलगोरची कथा बहुधा तेल लागले त्या दिवसापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. माझे मत असे की तेलाने किलगोरमध्ये गर्दी जमवली, पण त्या गर्दीचे शहर झाले ते उपशावर नियंत्रण आल्यामुळे.

१८७२ मध्ये रेल्वेमार्गालगत वसलेले हे गाव कापसावर जगत होते आणि १९३० पर्यंत कापसाचे भाव कोसळून पुरते मोडकळीला आले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शेजारच्या रस्क कौंटीत तेलशोधक ‘डॅड’ जॉयनर यांच्या विहिरीला तेल लागले. २८ डिसेंबरला, रविवारी, किलगोरजवळ लू डेला क्रिम यांच्या शेतातली विहीर दिवसाला सुमारे २२,००० पिंपे ओकू लागली. त्या वेळी बाई चर्चमध्ये होत्या, असे सांगतात. काही आठवड्यांतच वस्ती दहा हजारांच्या घरात गेली, १९३१ मध्ये नगरपालिका स्थापन झाली आणि लू डेला यांचे चिरंजीव माल्कम क्रिम पहिले महापौर झाले.

त्या काळचा कायदा ‘जो उपसेल त्याचे तेल’ असा होता. शेजाऱ्याने विहीर घेतली की आपणही घ्यायची, नाहीतर आपल्या जमिनीखालचे तेल तोच ओढून नेणार. परिणामी १९३१ च्या उन्हाळ्यात भाव पिंपाला १३ सेंटच्याही खाली घसरला. ऑगस्टमध्ये गव्हर्नर रॉस स्टर्लिंग यांनी लष्करी कायदा पुकारून विहिरी बंद करवल्या. पुढे टेक्सास रेलरोड कमिशनने (नाव रेल्वेचे, कारभार तेलाचा!) मर्यादा लागू केल्या आणि १९३५ च्या कॉनली कायद्याने मर्यादेबाहेर उपसलेल्या चोरट्या तेलाची राज्याबाहेरची वाहतूक रोखली. किलगोर कॉलेज त्याच १९३५ सालचे आहे. भाव स्थिर झाल्यावाचून अशी संस्था उभी राहती का?

पाटाचे पाणी:
कालक्रम बरोबर आहे, निष्कर्ष मान्य नाही. स्टर्लिंग हे हंबल ऑइल या बड्या कंपनीच्या संस्थापकांपैकी होते आणि जवानांचे नेतृत्व करणारे जनरल जेकब वॉल्टर्स टेक्सास कंपनी या दुसऱ्या तेल कंपनीचे वकील होते. विहिरी बंद ठेवून भाव वाढण्याची वाट पाहणे बड्या कंपन्यांना परवडत होते. ज्याने चार ओळखीच्यांकडून उसने घेऊन एकच विहीर खणली होती, त्याला ते परवडत नव्हते. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९३२ मध्ये गव्हर्नरांची ही कारवाई बेकायदा ठरवली, हे आपल्या मांडणीत आलेले नाही. गावात पैसा खेळवला तो छोट्या खणणाऱ्यांनी, दुकानदारांनी आणि हक्क भाडेपट्ट्याने देणाऱ्या शेतकऱ्यांनी. गावाच्या मध्यभागी एकाच चौकात २४ डेरिक (विहिरींवरचे मनोरे) उभे होते आणि एक विहीर तर बँकेच्या फरशीतून खाली नेलेली होती. ती घाई वेडेपणाची असेल, पण किलगोर त्या घाईनेच घडवले.

नदीकाठ:
न्यायालयाचा मुद्दा रास्त आहे, पण तो निकाल सैन्य पाठवण्यापुरता होता. उत्पादन-मर्यादेचे तत्त्व त्याने मोडीत निघाले नाही. आणि त्या दाट विहिरी टिकल्या कशामुळे? कमिशनने विहिरींमधील अंतराचा नियम केला, पण लहान प्लॉटवाल्यांना त्यातून सूट सढळ हाताने दिली आणि उपशाचा वाटा बराच काळ जमिनीच्या आकारावर नव्हे, तर विहीरवार ठरवला. म्हणजे आपण ज्या छोट्यांची बाजू घेता, त्यांना जगवण्यात कमिशनचाही हात होता. दुसरे म्हणजे, या क्षेत्रातले तेल पश्चिमेकडून रेटणाऱ्या पाण्याच्या दाबाने वर येते. उपसा बेसुमार होत राहिला असता तर दाब झपाट्याने घटला असता आणि बरेचसे तेल खडकातच अडकून पडले असते. १९४० च्या दशकात तेलाबरोबर येणारे खारे पाणी पुन्हा त्याच थरात सोडले जाऊ लागले, तेही दाब टिकवण्यासाठीच. या क्षेत्रातून आजवर पाच अब्जांहून अधिक पिंपे तेल निघाले, ते या शिस्तीमुळे.

माळरान:
आपण दोघेही पिंपेच मोजत आहात. १८ मार्च १९३७ रोजी जवळच्या न्यू लंडनच्या शाळेत वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण, बहुतेक विद्यार्थी, मृत्युमुखी पडले. तेलाबरोबर निघणारा वायू टाकाऊ समजून जाळला जात असे. शाळेने खर्च वाचवण्यासाठी त्याच्याच वाहिनीला जोड घेतली होती आणि गंध नसल्याने गळती कोणाच्याच लक्षात आली नाही. वायूत वास मिसळण्याची सक्ती टेक्सासने त्यानंतर केली. तेलाचा भाव सावरायला सरकार १९३१ मध्ये घोडेस्वार पाठवते आणि हा साधा नियम व्हायला १९३७ उजाडावे लागते, यावरून ते नियंत्रण कोणासाठी होते ते दिसते.

पाटाचे पाणी:
माळरान, हेच मला म्हणायचे होते, फक्त मी ते भाड्याच्या आणि भावाच्या भाषेत म्हटले. नदीकाठ, एक प्रश्न उरतो: शिस्तीने शहर वाढते, तर पाच अब्ज पिंपांनंतरही किलगोरची लोकसंख्या तेरा हजारांच्या आसपासच का?

नदीकाठ:
कारण तेलाचा नफा डॅलस आणि ह्यूस्टनला गेला. जॉयनर यांचे हक्क विकत घेणारे एच. एल. हंट स्वतः डॅलसला स्थायिक झाले. तो दोष मर्यादेचा नव्हे, मालकीचा आहे.