मदत हवी आहे : गाडी हीट होते, हेड उतरवू का?

अडलाहरी
गाडी हीट होतेय. कूलंट बदललं, थर्मोस्टॅट नवा टाकला, पाण्याचा पंप नवा, रेडिएटर उतरवून साफ करून घेतला. फॅन चालू आहे. तरी काटा लालपर्यंत जातोच. आता मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं, सिलिंडरमधला वायू आणि पाणी वेगळं ठेवणारं पॅकिंग) गेलं, हेड उतरवावं लागेल. उद्या त्याला हो की नाही ते कळवायचंय. जुन्या गाड्यांतलं कळतं त्यांनीच उत्तर द्या. "विकून टाका" सांगायला येऊ नका, ते घरी रोज ऐकतो.

पाचवा गिअर
विकून टाका. (ह. घ्या.)

पानापक्कड
कुठली गाडी? पेट्रोल की डिझेल? गर्दीत हीट होते, चढावर की हायवेला? पाणी कमी होतं का, होत असेल तर कुठून? आधी एवढं सांगा, नाहीतर सगळे अंदाजपंचे बोलत बसणार.

काळाधूर
थर्मोस्टॅट काढून फेका. आमच्या दोन्ही गाड्या वर्षानुवर्षं बिनथर्मोस्टॅटच्या चालल्या, कधी त्रास नाही. पाणी मोकळं फिरलं की इंजिन गार राहतं, साधी गोष्ट आहे.

तेलकट हात
काळाधूर, हा सल्ला अजून किती गाड्यांची वाट लावणार? थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोपर्यंत इंजिन लवकर तापावं म्हणून पाणी अडवतो. काढला की इंजिन हायवेला नको इतकं गार चालतं आणि पेट्रोल जास्त खातं. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याच्या खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. थर्मोस्टॅटच नाही म्हटल्यावर ते तोंड उघडंच राहतं, आणि बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात. म्हणजे काढल्याने उलट जास्त हीट.

काळाधूर
पुस्तकी ज्ञान. आमच्या चालल्या.

अडलाहरी
१९९७ ची पेट्रोल, कार्ब्युरेटरवाली. मॉडेल सांगून काय होणार, सगळ्यांचं कूलिंग सारखंच. हीट गर्दीत होते, हायवेला ठीक. कूलंटच्या बाटलीतलं पाणी थोडं कमी होतं, गळती कुठे दिसत नाही.

सायलेन्सर
कार्ब्युरेटर म्हणजे प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर आलाच. ठिणगीचं टायमिंग तपासलं का? टायमिंग मागे पडलं की मिश्रण उशिरा जळतं, उष्णता सिलिंडरच्या भिंतीत आणि एक्झॉस्टमध्ये जाते. लोक रेडिएटर बदलत बसतात आणि दोष डिस्ट्रिब्युटरचा निघतो. टायमिंग लाइट लावून बघा. ठिणगी लवकर पाडणाऱ्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची रबरी नळी चिरली असेल तर तीही.

पानापक्कड
टायमिंग बघायला हरकत नाही, पण गर्दीत हीट आणि हायवेला ठीक हे लक्षण हवेचं आहे. वेग असला की समोरून हवा आपोआप येते, थांबलं की सगळी भिस्त फॅनवर. रेडिएटर आतून तुंबला असता किंवा पंप कमी पडला असता, तर हायवेला जोर लावल्यावर आधी कळलं असतं.

हेड गॅस्केटचं म्हणाल तर ते उतरवल्याशिवायही तपासता येतं. इंजिन पूर्ण गार असताना, आणि गारच असताना, रेडिएटरचं झाकण उघडा, गाडी चालू करा, तोंडाशी बघा. सुरुवातीला अडकलेली हवा सुटते ती सोडून द्या. बुडबुडे थांबायचं नावच घेत नसतील तर संशय घ्या. गार इंजिन चालू करून मिनिट-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक होतो का तेही बघा. खात्री हवी असेल तर निळ्या द्रवाची टेस्ट करायला सांगा. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून खेचतात, जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा पडतो. हे काहीही न करता हेड उतरवायचं म्हणजे नुसता अंधारात पाना फिरवणं.

तेलकट हात
ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय (ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण) दिसली म्हणून लगेच घाबरू नका. गाडी फक्त जवळच्या अंतरावर फिरत असेल तर नुसत्या वाफेनेही ती धरते. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, दिसली तर मात्र गंभीर.

मागची सीट
धागा वाचतोय. माझ्याही गाडीत कूलंट घालायचंय. हिरवं घ्यावं की गुलाबी?

पाचवा गिअर
रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो घ्या, आणि दोन प्रकार एकत्र करू नका. अवांतर: जुन्या बीटलमध्ये ही कटकटच नव्हती. कूलंट नाही, रेडिएटर नाही. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बनली तीही हवेवरच गार होणारी.

सायलेन्सर
कटकट नव्हती कशी? त्यातही पंखा होता, ऑइल कूलर होता. पंख्याचा पट्टा तुटला की इंजिन भाजून निघायचं.

अडलाहरी
बीटलवर वेगळा धागा काढा. बुडबुडे नाहीत, होज कडक नाही, डिपस्टिक स्वच्छ. आणि फॅन चालू आहे हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्या.

फ्यूज उडाला
दोन प्रश्न. एसी लावल्यावर काटा काय करतो? आणि फॅनला आधी कोणी हात लावला होता का?

अडलाहरी
एसीचं मी विचारलेलं नाही. लावला की हायवेलाही काटा सरकतो, पण एसीने इंजिनवर लोड येतोच. थांबल्यावर एसी गार हवाही देत नाही, गॅस कमी असेल, ते नंतर बघू. फॅनची मोटर मागे जळाली होती, ती बदलून झाली. नव्या मोटरचा कनेक्टर बसत नव्हता म्हणून वायरी कापून जोडल्या. तो विषय तेव्हाच संपला, आता फॅन जोरात फिरतो.

फ्यूज उडाला
जोरात फिरतो, पण कुठल्या दिशेने? ही डीसी मोटर. प्लस-मायनस उलटे लागले तरी फिरते, फक्त उलटी. मग इंजिनकडची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलली जाते. एसी लावला की बहुतेक गाड्यांत फॅन सुरू होतो, म्हणून तुमच्याकडे हायवेलाही काटा सरकतो: समोरून येणाऱ्या हवेला फॅनच अडवतोय. आणि एसीची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच, त्याच्यावर ही भाजलेली हवा. थांबल्यावर एसी गार कसा देईल?

तपासणी फुकटची. फॅन चालू असताना समोरच्या जाळीला कागद लावा. चिकटून राहिला तर दिशा बरोबर, उडाला तर उलटी. बोटं आणि बाह्या फॅनपासून लांब ठेवा.

काळाधूर
उलटा असला तरी हवा तर फिरतेच ना? काय फरक पडतो?

तेलकट हात
पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी असतो, उलट फिरवलं की हवा कमी सरकते. जी सरकते ती इंजिनच्या बाजूची तापलेली. फरक पडतो.

अडलाहरी
कागद उडाला. दोन्ही वायरींची अदलाबदल केली. आता एसी लावून बराच वेळ उभी ठेवली, काटा निम्म्याच्या जरा वर येतो, फॅन लागतो, काटा खाली. एसीही गार देतोय. मेकॅनिकला हेडचं नको म्हणून कळवलं. बाटलीतलं पाणी कमी होतं त्याचं काय?

पानापक्कड
काही पाणी हीट होऊन बाहेर गेलं असेल. गार इंजिनवर पातळीला खूण करा आणि लक्ष ठेवा. तरीही उतरली तर आधी रेडिएटरचं झाकण बदला, जुन्यावर दाबाचे जेवढे बार लिहिलेत तेवढ्याचंच. निम्मं-निम्मं कूलंट उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, एक बारचं झाकण धरून राहिलं तर सव्वाशेच्याही वर. रबर वाळलं की तो दाब टिकत नाही. आणि झाकणातला छोटा वॉल्व्ह अडकला तर बाटलीत गेलेलं पाणी गार झाल्यावर परत ओढलं जात नाही. झाकण बदलूनही पाणी उतरत राहिलं तर निळी टेस्ट करूनच घ्या.

सायलेन्सर
टायमिंग तरीही बघून घ्या.

मागची सीट
पुस्तक हरवलंय. हिरवं घेऊ का?