गणपतराव देशमुख: अकरा वेळा आमदार, मग पाण्याला एवढा उशीर का?

कोरडवाहू:
गणपतराव, म्हणजे आमचे आबा, ३० जुलै २०२१ ला गेले, तेव्हा जो तो एसटीनं फिरणाऱ्या आमदाराची गोष्ट सांगत होता. साधेपणाला हात जोडतो. एसटीत 'आमदार' लिहिलेल्या सीटवर खरा आमदार बसलेला मी तरी दुसरा पाहिला नाही! पण सोलापूर जिल्ह्यातल्या दुष्काळी सांगोल्यातून माणूस पहिल्यांदा निवडून आला १९६२ ला, आणि कृष्णेचं पाणी उचलून आणणारी टेंभू योजना मंजूर व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. शेकापचा, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा, लाल बावटा खाली ठेवला नाही, जन्मभर बहुतेक विरोधातच बसले. ताठ राहिले ते. टँकरच्या रांगेत उभे राहिलो आम्ही.

माणकाठ:
टेंभू आभाळातून पडली का? १९९३ पासून आटपाडीला स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरवल्या, त्यात आबा पुढं होते. रेट्याशिवाय कुठलं सरकार माणदेशाकडं, माण नदीकाठच्या आपल्या दुष्काळी पट्ट्याकडं, बघतं? आणि कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सहकारी सूतगिरणी चालवून दाखवली, ती विसरलात वाटतं.

कोरडवाहू:
विसरलो नाही. सूतगिरणीनं पगार दिला, विहिरीला पाणी नाही दिलं. १९७८ आणि १९९९ ला मंत्रीही होते की.

माणकाठ:
दोन्ही वेळा आघाडीचं सरकार, त्यात शेकाप मूठभर. खातं मिळालं म्हणून पाटबंधाऱ्याची किल्ली मिळते का दादा? १९७२ आणि १९९५ ला लोकांनी पाडलंही त्यांना. तेव्हा दुसऱ्याला संधी होतीच ना?

काळा कोट:
मधेच बोलतो. आबा पेशानं वकील. 'शेतकरी आमदार' म्हणताना हे कुणी सांगत नाही. शेतकऱ्यांचे आमदार म्हणा, ते बरोबर. आणि अकरा वेळा निवडून येणं हा 'देशातला विक्रम' असं म्हणणंही थांबवा. करुणानिधी आणि केरळचे के. एम. मणी तेरा-तेरा वेळा निवडून आले.

बांधावरून:
आकडे राहू द्या. २०१९ ला आबा थांबले, नातू उभा राहिला आणि थोडक्यात पडला. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले. आयुष्यभर घराणेशाहीविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला घराबाहेर माणूस मिळू नये?

माणकाठ:
हे मात्र मलाही खटकतं. कार्यकर्ते काय कमी होते?

कोरडवाहू:
मूळ मुद्द्यावर या. सांगोल्याचं नाव डाळिंबानं झालं. डिसेंबर २०२० मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे इथूनच सुटली. त्या बागा ठिबक अन् शेततळ्यावर, स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिल्या. नंतर तेल्या आणि मर रोगानं कित्येकांच्या गेल्या. तेव्हा आमदार एसटीनं येतो का गाडीनं, हे कुणी विचारलं नाही.

माणकाठ:
विचारलं नसेल. पण बाग गेलेला माणूस रात्री दहाला आबांचं दार वाजवू शकत होता. तुमचे कारखानदार आमदार गेटवरच चिठ्ठी मागतात.

कोरडवाहू:
दार उघडं होतं, मान्य. मी दोनदा गेलोय. चहा मिळाला, पाणी फाट्याला अजून यायचंय.